नानांची कवायत

चंद्रहासने सकाळी उठून मागच्या अंगणातलं गवत कापायला घेतलं, तेव्हाच शकुआजींनी ओळखलं की आज घरात काहीतरी शिजतंय. आदल्याच दिवशी तर कापलं होतं. ऑकलंडला तीस-बत्तीस वर्षं काढून त्यांच्या या मुलाने दोन गोष्टी मनापासून उचलल्या होत्या, एक चारचौघांत शॉर्ट्स घालून हिंडणं आणि दुसरं हे लॉन. पेनरोजच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून तर लॉनमोअर म्हणजे त्याची नोकरीच झाली होती. आज त्याने जमिनीची अशी काही हजामत केली की धरायला म्हणून एक पातं राहिलं नाही.

आजी काचेच्या दाराशी आपल्या खुर्चीत बसल्या होत्या. स्वयंपाकघर तिथून चार हातांवर. सुनेने, नीताने, सकाळपासून तीनदा हातवारे करून चहा हवा का विचारलं होतं, कारण आजींच्या कानातलं यंत्र चार्जरवर पडलंय अशी तिची समजूत होती. चार्जरवर होतं ते जुनं. नवं आजींच्या कानात होतं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं म्हणून.

"कोरियन," चंद्रहास हात पुसत आत येऊन म्हणाला. "सगळ्यांनी नीट लक्षात ठेवा. मुलगा कोरियन, मुलाची आई कोरियन."

"बाबा, त्यांचं आडनाव मोरिता आहे," अनुष्का म्हणाली. "सीरियसली?"

"आईला आडनावावरून काय कळतंय? केन म्हणायचं. केन कुठलाही असू शकतो."

"दादा, मला हे पटत नाही हं," विनिता म्हणाली. ही आजींची लेक, बॉटनी डाउन्सहून भल्या सकाळी श्रीखंडाचा डबा घेऊन आली होती. "पण आईचं ब्लडप्रेशर आठवलं की पटतं."

"आत्या! फोनवर तू म्हणालीस की यू आर ऑन माय साइड!"

"आहेच गं. पण फोनवर तुझ्या बाजूने असणं वेगळं आणि इथे आईच्या समोर असणं वेगळं."

"मी आजीशी खोटं नाही बोलणार."

"तू बोलू नकोस. तू फक्त गप्प बस," चंद्रहास म्हणाला. "अनू, तिच्या वडिलांना नेलं त्यांनी. बंदरातून बोटीत घातलं आणि परत आणलं नाही. माझी आजी मरेपर्यंत कुंकू लावून वाट बघत बसली. आणि तू घरात आणतेस ते नेमके..."

"त्यांनी म्हणजे कोणी, केनने? ही वॉज बॉर्न इन हॅमिल्टन!"

"ते मला कळतं. आईला कळेल का? आज शांतपणे ओळख होऊ दे. मग हळूहळू सांगू. आणि हेही आत्ताच सांगून ठेवतो, आईने एकदा नाही म्हटलं तर हे लग्न या घरातून होणार नाही."

"फाइन. मग आम्ही वेलिंग्टनला जाऊन रजिस्टर करू आणि तुम्हाला फोटो पाठवू."

नीताने हातातला झारा ओट्यावर आपटला. "दोघंही गप्प बसा. पुऱ्या लाटायला घ्या कोणीतरी."

इकडे आजी अंगणाकडे तोंड करून बसल्या होत्या आणि मनातल्या मनात हसत होत्या. म्हणजे हा असा मामला आहे! जपानी मुलगा. अनुष्काच्या मोबाइलवरचा त्याचा फोटो त्यांनी पाहिला होता, कान जरा मोठे, पण चेहरा हसरा. आपण काय त्याला बघून फेफरं येऊन पडणार आहोत? त्यांना हसू आलं तसा थोडा रागही आला. आपलं दुःख हे आता चंद्रहासच्या मालकीचं झालं आहे, हे त्यांना अलीकडे वारंवार जाणवायचं. मराठी मंडळात दरवर्षी तो ही गोष्ट सांगायचा, जावा बेट, सुराबाया बंदर, डचांचं राज्य, जपान्यांचा हल्ला. दरवर्षी त्याच्या गोष्टीत बाँब थोडे वाढायचे.

खोटं काहीच नव्हतं त्यात. शकुचे वडील, ज्यांना पुढे सगळं घर नाना म्हणू लागलं, राजापूरहून मुंबईला आणि मुंबईहून थेट सुराबायाला गेले होते, डचांच्या गोदीत फिटर म्हणून. शकु तिथलीच. बाँब पडायला लागले तेव्हा ती शाळेत नुकती जाऊ लागली होती. भोंगा झाला की तिची आई, माई, तिच्या डोक्यावर पितळी पातेलं घालायची, धाकट्या सुधाकरच्या डोक्यावर कढई, आणि तिघं अंगणात खणलेल्या खड्ड्यात उतरायची. सगळ्या पोरांच्या गळ्यात दोऱ्याला अडकवलेला रबराचा तुकडा असायचा. बाँबचा दणका बसला की दात दातांवर आपटू नयेत म्हणून तो चावून धरायचा. मग डचांनी जाता जाता स्वतःच तेलाच्या टाक्या पेटवून दिल्या, दिवसाढवळ्या अंधार झाला आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे थेंब पडले. आणि मग जपानी आले. शकुला वाटलं होतं रणगाडे येतील. आले ते सायकलींवरून, घामाघूम.

हे सगळं चंद्रहास सांगायचा. पण शकु तिथे खूप हसायचीसुद्धा, हे तो कधी सांगायचा नाही, कारण ते त्याला ठाऊक नव्हतं. अशा गोष्टीत हसू असतं हे कोणाला सांगणार? ज्या दिवसांना शिव्या घालायच्या, त्याच दिवसांची आठवण सकाळी उठल्या उठल्या गोड लागते, हे मुलांना कसं समजवायचं? सुधाकरला समजायचं. सुधाकर गेल्या वर्षी डोंबिवलीला वारला, आणि त्या बेटाची आठवण काढायला जगात कोणी उरलं नाही.

जपान्यांनी घड्याळं पुढे ढकलून तोक्योची वेळ लावली होती, त्यामुळे सकाळ अंधारातच व्हायची. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एका खांबावर कर्णा बसवला होता. लोक त्याला गाणारं झाड म्हणायचे. पहाटे ते झाड गाऊ लागलं की सगळ्यांनी रस्त्यावर यायचं आणि त्यातल्या पियानोच्या तालावर कवायत करायची. हात वर, हात बाजूला, कंबरेत वाक, उडी. शेवटी सम्राटाच्या दिशेला तोंड करून कमरेतून वाकायचं. एक शिपाई काठी घेऊन फिरायचा. नाना लेंगा खोचून शकुच्या शेजारी उभे राहायचे आणि सगळं मनापासून करायचे, फक्त शेवटी वाकले की जमिनीवरचं गवताचं एक पातं हळूच उपटायचे आणि उठता उठता शकुच्या कानामागे खोचायचे.

"मी वाकलो कुठे?" घरी येताना ते म्हणायचे. "मी तर गवत घ्यायला गेलो होतो."

शकु हसून हसून बेजार व्हायची. मग एका सकाळी गोदीतल्या कारागिरांना बोटीतून पूर्वेकडच्या कुठल्याशा बेटावर नेलं, कसलेसे पंप दुरुस्त करायला. नाना त्या दिवशीही कवायत करून गेले. ते पातं शकुने वाळून तुटेपर्यंत उशीखाली ठेवलं होतं. लढाई संपली, माई दोन्ही पोरांना घेऊन बोटीने मुंबईला परतली, नाना आले नाहीत. पण मुंबईच्या चाळीत पहिल्याच सकाळी शकु आणि सुधाकर गॅलरीत उभं राहून ती कवायत करू लागले, आणि माईने कोणी विचारलं की सांगितलं, "ह्यांची आहे. नानांची कवायत."

तेव्हापासून ती चालत आली होती. चंद्रहास आणि विनिता तीच करत वाढले, पुढे अनुष्का वाढली. घरात चार माणसं जमली की जेवणापूर्वी सगळ्यांनी अंगणात यायचं, अनवाणी उभं राहायचं, तोंडाने ती धून म्हणायची आणि कवायत करायची, शेवटी वाकून गवताचं पातं घ्यायचं आणि शेजारच्याच्या कानामागे खोचायचं. ती धूनसुद्धा आजींकडूनच आलेली, पण मधला एक तुकडा त्यांना कधीच आठवला नव्हता. तिथे सगळे गप्प राहून मनात ताल धरायचे, पुन्हा धून सुरू व्हायची. नाना ही कवायत राजापूरच्या तालमीत शिकले, ही भर चंद्रहासने कधीतरी घातली होती. ऐकायला छान वाटली म्हणून आजींनी खोडली नाही. मागच्या गणपतीत तर त्याने मंडळाच्या स्टेजवर वीस माणसांकडून ती करून घेतली होती, फेटा बांधून, "मराठी मातीतला व्यायाम" म्हणून.

बेल वाजली.

"आले! आईचा कान कुठाय? आईच्या कानात घाला कोणीतरी," विनिता कुजबुजली.

"राहू दे," चंद्रहास म्हणाला. "आज जितकं कमी ऐकू येईल तितकं बरं."

आजी स्वतःच उठल्या. काठी न घेता दाराशी गेल्या. आपण किती मोठ्या मनाच्या आहोत हे या सगळ्यांना दाखवून द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. दारात केन होता, हातात फुलं, कान फोटोतल्यापेक्षाही मोठे. त्याच्या मागे त्याची आई नोरिको, पन्नाशीची, नीटनेटकी. आणि तिच्या हाताला धरून एक म्हातारी, ठरलेल्या पाहुण्यांत नसलेली, आजींच्याच वयाची, आजींहून बुटकी.

"माय मदर, फुमी," नोरिको संकोचून म्हणाली. "सॉरी, शी वाँटेड टु कम. शी लिव्ज विथ अस."

"कम, कम, मोअर द मेरियर," चंद्रहास म्हणाला, पण त्याचा चेहरा पडला.

फुमीबाईंनी बूट काढले, वाकून त्यांची तोंडं दाराकडे वळवून ठेवली, मग आजींसमोर येऊन सरळ उभ्या राहिल्या, हात मांड्यांवर ठेवले आणि कमरेतून वाकल्या.

आणि शकुआजींची पाठ आपोआप वाकली. नमस्कारासारखी नाही. हात मांड्यांशी, मान खाली, नजर जमिनीवर, जशी शिकवली होती तशी. त्यांनी ठरवलं नव्हतं, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. एका क्षणात त्या सुराबायाच्या पुलावर होत्या. माईच्या डोक्यावर तांदळाचं गाठोडं होतं म्हणून तिला पुरतं वाकता आलं नाही, आणि पहाऱ्यावरच्या शिपायाने तिच्या तोंडात मारली. तांदूळ पुलावर सांडले. शकु वाकलेलीच राहिली होती, शिपाई सांगेपर्यंत, आणि नाना तेव्हा बरोबर नव्हते.

आजी सरळ झाल्या तेव्हा समोर राखाडी गालिचा होता. त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

त्या कोणाशी न बोलता खुर्चीत जाऊन बसल्या. नव्वदीला टेकलेल्या बाईची ही गत, म्हणून त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त संताप आला.

"बघितलंस?" चंद्रहास नीताला म्हणाला. "मी सांगत होतो ना? बघ तिचा चेहरा."

नीताने पाहुण्यांना कोकम सरबत दिलं. "सो... कोरियामध्ये आत्ता थंडी असेल ना?" विनिताने इंग्रजीतून विचारलं. नोरिकोने केनकडे पाहिलं, केनने अनुष्काकडे. अनुष्का उठली आणि आजींच्या खुर्चीपाशी येऊन गुडघ्यांवर बसली.

"आजी, सॉरी. ते कोरियन नाहीत. ते..."

"माहीत आहे मला. कान सकाळपासून घातलेत मी."

नीताने कपाळाला हात लावला.

"मग... तू ओके आहेस?"

"नाही," आजी म्हणाल्या. "मला वाटलं होतं की असेन. पण नाहीये."

अनुष्काचे डोळे भरले. तिने आजींच्या मांडीवर डोकं टेकलं. आजींनी त्यावर हात ठेवला. या मुलीला तेल लावून न्हाऊमाखू घालायला म्हणून तर त्या मुंबई सोडून इथे आल्या होत्या. तिला नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. आणि हो म्हणायला पाठ तयार नव्हती.

नोरिकोला मराठी कळत नव्हतं, पण एवढं कळायला भाषा लागत नाही. ती उभी राहिली. "मे बी वी शुड कम अनदर डे."

"नो, नो!" चंद्रहास घाईने म्हणाला. आईने नाही म्हटल्यात जमा होतं, म्हणजे तोच जिंकला होता. पण पुऱ्या तळायला घेतलेल्या असताना घरातून पाहुणा उपाशी जाणं त्याला कसं चालणार? "लंच इज रेडी. यू मस्ट ईट. आईचं जरा... शी इज ओल्ड."

"दादा, आईला बाहेर ने," विनिता म्हणाली. "कवायत झाली की तिला बरं वाटतं. नेहमी वाटतं."

चंद्रहासचा चेहरा उजळला. बुडत्या माणसाने धरावं तशी त्याने ती कल्पना धरली. "हो! चला, सगळ्यांनी बाहेर चला. बिफोर लंच वी हॅव अ फॅमिली ट्रॅडिशन."

आता पुढे काय होणार ते त्या घरात फक्त एका माणसाला दिसत होतं. आजी तेव्हाच म्हणू शकल्या असत्या की राहू दे, माझे पाय दुखताहेत. त्यांनी तोंड उघडलंही. मग त्यांनी समोर सोफ्यावर हात जोडून बसलेल्या त्या बुटक्या म्हातारीकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, बघू दे एकदा. सगळ्यांनाच बघू दे.

अंगणात ऊन पडलं होतं. पाहुण्यांना सपाता आणि खुर्च्या दिल्या. चंद्रहास चपला काढून मध्ये उभा राहिला. त्याच्या मागे नीता, विनिता, डोळे पुसत अनुष्का. आजी लिंबाच्या झाडाशी, एक हात बुंध्यावर.

"धिस इज फ्रॉम माय ग्रँडफादर," चंद्रहासने पाहुण्यांना सांगितलं. "फ्रॉम अवर व्हिलेज जिम. व्हेरी ओल्ड. प्युअर महाराष्ट्रियन, यू नो."

आणि त्याने धून धरली. बाकीच्यांनीही धरली. हात पुढून वर गेले, बाजूने खाली आले. पुन्हा वर.

नोरिकोच्या कपाळावर आठी पडली. ती केनला काहीतरी म्हणाली, केनने खांदे उडवले. फुमीबाईंनी मात्र हातातला पेला खाली गवतावर ठेवला. तो कलंडला, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्या उठल्या, पायातल्या सपाता तिथेच सोडल्या आणि चालत चालत कवायतीच्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या, आजींच्या शेजारी.

हात बाजूला गेले तेव्हा त्यांचेही गेले. चंद्रहास कंबरेत डावीकडे वळला, त्याच्या अर्धा क्षण आधी त्या वळल्या होत्या. गुडघे वाकवताना चंद्रहास नेहमीप्रमाणे चुकला, त्या चुकल्या नाहीत. तो मागे वळून वळून पाहू लागला, तरी तोंडाने धून चालूच होती. मग तो तुकडा आला, जिथे धून नव्हती. सगळे गप्प झाले आणि मनात ताल मोजू लागले.

त्या शांततेत फुमीबाई गात राहिल्या.

बारीक, चिरका आवाज होता. पण सूर पक्का होता. गाणं वर चढलं, जरा थबकलं, आणि उतरत उतरत तिथे येऊन मिळालं जिथून घरातल्यांना पुढचं येत होतं. पण पुढचं कोणी म्हटलंच नाही. शकुआजींचे हात हवेत तसेच राहिले. हाच तो तुकडा! जवळजवळ सगळा जन्म शोधला होता त्यांनी तो, न्हाताना, भांडी घासताना, सुधाकरला फोन करून करून. त्याच्याबरोबर पहाटेचा तो अंधार आला, ओल्या मातीचा आणि तेलकट धुराचा वास आला, आणि शेजारी लेंगा खोचून उभे असलेले नाना आले, इतके जवळ की त्यांचा श्वास ऐकू यावा. आजी रडू लागल्या. दारातल्यासारखं नाही, मोकळं, लहान मुलीसारखं.

"आई!" विनिता धावली.

"थांब गं. कवायत पुरी होऊ दे."

फुमीबाईंनी एकट्यानेच धून पुढे नेली, आणि हळूहळू सगळे त्यात आले. उडीच्या जागी दोघी म्हाताऱ्यांनी नुसत्या टाचा उचलल्या. शेवट आला. फुमीबाई समोर तोंड करून कमरेतून वाकल्या, अगदी खाली. त्या पुन्हा उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना दिसलं की बाकीचे सगळे अजून वाकलेलेच आहेत आणि जमीन चाचपताहेत.

"अहो, एक पातं ठेवलं नाही तुम्ही!" नीता म्हणाली. "काय उपटायचं?"

चंद्रहास रिकाम्या हाताने उभा राहिला. "आई," तो म्हणाला, "यांना आपली कवायत कशी येते?"

"आपली कवायत त्यांची आहे म्हणून."

"म्हणजे? राजापूरची तालीम?"

"ती तुझी तालीम, बाळा. नाना कधी तिच्या दाराशीसुद्धा गेले नव्हते."

चंद्रहास मटकन खुर्चीत बसला. फेटा, स्टेज, वीस माणसं, सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. अनुष्काला रडता रडता हसू फुटलं.

मग आजींनी सांगितलं. गाणारं झाड, अंधार, काठीवाला शिपाई, नाना आणि गवत. अनुष्का ते इंग्रजीत सांगत होती, नोरिको जपानीत. नानांचं वाक्य दोन भाषा ओलांडून फुमीबाईंपर्यंत पोचलं, तसं त्यांनी तोंडावर हात धरला. पुलाचंही आजींनी सांगितलं, तांदळाचं, माईचं. ते त्यांनी या अंगणात आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. चंद्रहासने मान वर करून आईकडे पाहिलं.

फुमीबाई बराच वेळ बोलल्या. नोरिकोने सांगितलं, "शी सेज, ही जुनी आहे. ती लहान असताना शाळेच्या मैदानावर करायची, पोटात अन्न नसायचं तेव्हा. लढाईनंतर ही कवायत बंद झाली आणि नवीन आली. मला येते ती नवीनच. ही पुन्हा कधी कोणी करताना दिसेल असं तिला वाटलं नव्हतं." हे सगळं ती इंग्रजीत म्हणाली आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "अँड शी सेज शी इज व्हेरी सॉरी फॉर..."

"तिला सांग, सॉरी नको," आजी अनुष्काला म्हणाल्या. "ती तेव्हा माझ्याएवढीच होती, उपाशी. आणि माफ करायचं काम माझ्याकडे कोणी दिलेलं नाही. ते नानांचं होतं आणि माईचं. मी ते परस्पर उरकणार नाही."

अनुष्का अडखळत सांगू लागली. नोरिकोने खाली पाहिलं. फुमीबाईंनी मात्र मान हलवली, एकदा, नीट.

"आणि तिला विचार," आजी पुढे म्हणाल्या, "तो मधला तुकडा परत म्हणशील का? मला पाठ करायचाय."

फुमीबाईंनी तो पुन्हा म्हटला. आजींनी मागून म्हटला. एका जागी चुकल्या, फुमीबाईंनी बोट हलवून चूक दाखवली, पुन्हा म्हणायला लावला. विनिता डोळे पुसत होती. आतून पुऱ्या करपल्याचा वास यायला लागला, तशी नीता धावत आत गेली.

धून नीट जमल्यावर फुमीबाई वळल्या आणि लिंबाच्या बुंध्याशी गेल्या, जिथे चंद्रहासचं यंत्र पोचत नसे. केन हात द्यायला पुढे झाला, त्याला त्यांनी बाजूला सारलं. गुडघ्यावर हात ठेवून त्या बेताबेताने वाकल्या आणि बुंध्याला बिलगून वाढलेलं एक लांबलचक हिरवं पातं त्यांनी उपटलं. ते घेऊन त्या आजींसमोर आल्या आणि म्हणाल्या काहीतरी.

"व्हॉट डिड शी से?" अनुष्काने विचारलं.

केन हसत होता. "शी सेड, मी वाकले कुठे?"

फुमीबाईंनी पातं आजींच्या कानामागे खोचलं. तिथे यंत्र होतं. त्याला पातं लागलं तसं ते कुंई करून ओरडलं, फुमीबाई दचकून मागे सरल्या, आणि मग दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या दंडांना धरून हसायला लागल्या, इतक्या की चंद्रहासला खुर्ची रिकामी करून द्यावी लागली.

"आई," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. "मग... काय ठरवलंस?"

आजींनी अनुष्काकडे पाहिलं, तिच्या शेजारच्या मोठ्या कानांच्या मुलाकडे पाहिलं, त्याच्या दोन्ही कानांमागे भरपूर जागा होती. मग त्यांनी पायाखालच्या जमिनीवरून नजर फिरवली.

"साखरपुडा इथेच करायचा, याच अंगणात," त्या म्हणाल्या. "आणि चंद्रहास, तोवर या गवताला हात लावायचा नाही."